पाण्याखालचं वाहन वळेल का? संगणकातला प्रवाह आणि विष्णुपुरीचं पाणी

आजचं व्याख्यान नांदेड आणि लातूरच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तयार केलं आहे. बाकीचे श्रोते ऑनलाइन सोबत आहेतच. विषय आहे पाण्याखाली चालणारी वाहनं, आणि ती पाण्यात सोडण्याआधीच कशी वळतील हे संगणकावर ओळखण्याची पद्धत. या पद्धतीला कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण सगळीकडे सीएफडी म्हणू.

पहिला प्रश्न साहजिक आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. मग मराठवाड्यात बसून या विषयाचं आपल्याला काय?

आपल्या पाण्याशी याचा संबंध काय

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. त्याच्या जलाशयाला शंकर सागर म्हणतात. इथे दरवाजे आहेत, आणि पाणी उचलून शेतीला देणारी उपसा सिंचन योजना आहे. लातूर शहराला मांजरा धरणातून पाणी येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटलं तेव्हा काय झालं, हे लातूरकरांना सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं.

आता विचार करा. धरणाच्या भिंतीची पाण्यातली बाजू, दरवाज्यांच्या खाचा, उपशाच्या तोंडाजवळ साचलेला गाळ, हे सगळं कधीतरी तपासावं लागतं. जलाशय रिकामा केला तर तपासणी सोपी होते. पण ज्या भागात पाणी रेल्वेने आणायची वेळ येते, तिथे तपासणीसाठी पाणी सोडून देणं कोणाला परवडणार? पाणबुड्या माणूस उतरवता येतो, पण दरवाज्याजवळचं काम त्याच्या जिवावर बेतू शकतं. नुसती जलाशयाची खोली मोजायची असेल तर होडीवर बसवलेला इको साउंडर पुरतो. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन बघायचं असेल, तर पाण्याखाली चालणारं छोटं वाहन उपयोगी पडतं.

अडचण अशी की पहिल्या पुरानंतर गोदेचं पाणी इतकं गढूळ होतं की हातभर अंतरावरचं दिसत नाही. वाहन कुठे आहे, हे काठावरून कळत नाही. भिंतीपासून किती अंतरावर वळायला सुरुवात करायची, हे आधीच माहीत असावं लागतं. वाहन ८ मीटरच्या त्रिज्येत वळेल असं आपण धरलं आणि प्रत्यक्षात ते १२ मीटर घेत असेल, तर ते भिंतीवर आदळेल. दरवाज्याच्या खाचेत अडकलं तर ते काढायला शेवटी माणसालाच उतरावं लागेल. ज्या जोखमीतून माणसाला वाचवायचं होतं, तीच परत समोर येते. म्हणून वळण आधी ओळखणं महत्त्वाचं.

उसाची ट्रॉली आणि पाण्यातलं लांबट वाहन

वाहन वळेल का, याच्या आधी एक प्रश्न येतो. ते सरळ तरी जाईल का?

ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडून पुढे चाललात तर ट्रॉली आपोआप मागे सरळ येते. तोच ट्रॅक्टर मागे घेऊन बघा. ट्रॉली जराशी वाकडी झाली की ती आणखी वाकडी होते, आणि ड्रायव्हर सतत स्टिअरिंग फिरवत राहतो. पुढे जाताना चूक आपोआप मिटते, मागे जाताना चूक वाढत जाते. पहिल्या स्थितीला स्थिर म्हणायचं आणि दुसरीला अस्थिर.

पाण्यातलं लांबट वाहन, पंख नसतील तर, मागे जाणाऱ्या ट्रॉलीसारखं वागतं. समजा ते पुढे जाताना त्याचं नाक थोडं वर झालं. आता पाणी त्याच्यावर तिरकं येतं. नाकाच्या भागावर पाणी वर लोटतं, शेपटीच्या भागावर खाली लोटतं. दोन्ही मिळून नाक आणखी वर जातं. मॅक्स मंक यांनी १९२४ साली एअरशिपचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या लांबुळक्या फुग्यांचा, अभ्यास करताना याचं गणित मांडलं. म्हणून या फिरवणाऱ्या बलाला मंक मोमेंट म्हणतात.

आकडे घालून बघू, म्हणजे अंदाज येईल. आपलं कल्पित वाहन २ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर जाड आहे. ते सुमारे ५० लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे पाण्यात तोलून धरायला त्याचं वस्तुमान सुमारे ५० किलो हवं. वेग सेकंदाला दीड मीटर, माणूस जरा झपझप चालतो तेवढा. नाक ५ अंश वर झालं, तर मंक यांच्या सूत्राने फिरवणारं बल येतं सुमारे ९ न्यूटन-मीटर. म्हणजे एक मीटर लांब काठीच्या टोकाला जवळपास ९०० ग्रॅम वजन टांगल्यासारखं.

याला विरोध कोण करतं? वाहनाची बॅटरी आपण खाली ठेवतो. त्यामुळे वजनाचा मध्य उत्प्लावक बलाच्या मध्याच्या खाली असतो आणि वाहन लंबकासारखं परत सरळ व्हायला बघतं. हे अंतर २ सेंटिमीटर असेल, तर ५ अंशांना मिळणारं सरळ करणारं बल आहे फक्त ०.९ न्यूटन-मीटरच्या आसपास. उलटवणारं ९ आणि सावरणारं १!

इथे वेगाचा खेळ आहे. मंक मोमेंट वेगाच्या वर्गाने वाढते, पण वजनाचं सावरणं वेगावर अवलंबून नाही. गणित केलं तर सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरला दोन्ही बरोबरीला येतात. म्हणून कॉलेजच्या टाकीत हळूहळू छान चालणारं मॉडेल जलाशयात वेग दिला की अचानक नाक वर काढतं किंवा तळाकडे सूर मारतं. मुलांना वाटतं मोटार बिघडली, किंवा प्रोग्राम चुकला. दोष बहुतेक वेळा पंखांच्या आकारात असतो.

बाणाला पिसं कुठे लावतात? शेपटीला. इथेही तेच. मागचे पंख केंद्रापासून ०.८ मीटरवर असतील, तर ९ न्यूटन-मीटर रद्द करायला सुमारे ११ न्यूटन बल हवं. त्यासाठी दोन्ही बाजूंचे आडवे पंख मिळून साधारण ३७० चौरस सेंटिमीटर लागतात. म्हणजे एका बाजूला अंदाजे दीड पोस्टकार्ड. प्रत्यक्षात सगळेच्या सगळे ९ रद्द करायची गरज नसते, कारण वाहन फिरायला लागलं की पाणी त्या फिरण्यालाही विरोध करतं. पंख फार मोठे केले तरी पंचाईत होते. वाहन इतकं सरळमार्गी होतं की सुकाणू फिरवलं तरी वळता वळत नाही. वळणं आणि सरळ जाणं यांत अशी ओढाताण असते. नेमका मध्य कुठे, हे सांगायला आकडे लागतात.

आकडे आणायचे कुठून

या आकड्यांना गुणांक म्हणतात. तिरपेपणा एवढा असला तर आडवं बल किती, फिरण्याचा वेग एवढा असला तर विरोध किती, सुकाणू एवढं फिरवलं तर शेपटी किती ढकलली जाईल, असा प्रत्येकाचा एक आकडा. अमेरिकेत गर्टलर आणि हेगन यांनी १९६७ मध्ये पाणबुडीच्या हालचालीची प्रमाण समीकरणं लिहिली. आजही बरेच जण तोच साचा घेऊन पुढे जातात. समीकरणं तयार आहेत, त्यांत घालायचे गुणांक मात्र प्रत्येक वाहनाचे वेगळे.

यात एक गंमतीचा गुणांक आहे, वाढीव वस्तुमान. कमरेएवढ्या पाण्यात पळून बघा. आपण स्वतःलाच नाही, आजूबाजूच्या पाण्यालाही पळवत असतो. आपलं २ मीटरचं वाहन पुढच्या दिशेने वेग घेतं तेव्हा त्याच्या ५० किलोत सुमारे एक किलोची भर पडते. तेच आडवं सरकवायला गेलं की भर पडते जवळपास ४८ किलोची. म्हणजे एकच वाहन पुढे जाताना ५१ किलोचं आणि आडवं जाताना ९८ किलोचं वागतं. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट विरळ असल्यामुळे विमानात ही भर फारशी जाणवत नाही. पाण्यात ती विसरली की सगळं गणित कोसळतं.

हे गुणांक मोजायची जुनी रीत म्हणजे लांब टाकीत मॉडेल ओढणं. विल्यम फ्रूड यांनी १८७२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉर्की इथे अशी टाकी उभारली. पाण्याखालच्या वाहनांसाठी तीन प्रकारचे प्रयोग लागतात. पहिल्यात मॉडेल तिरकं धरून सरळ ओढायचं. दुसऱ्यात लांब दांड्याला बांधून गोल फिरवायचं, घाण्याच्या बैलासारखं. तिसऱ्यात ओढता ओढता ते आडवं हलवायचं, म्हणजे वाढीव वस्तुमान कळतं. आपल्या देशात विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीची टाकी आहे. पण ती मोठ्या आणि संरक्षणाच्या कामांसाठी. नांदेडच्या किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला आपलं मॉडेल घेऊन तिथे जाता येणार नाही. त्याची टाकी म्हणजे त्याच्या समोरचा संगणक.

यातलं एक चांगलं उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचं स्वयंचलित वाहन बांधलं. ते सुमारे पावणेदोन मीटर लांब आणि ५५ किलोच्या आसपास आहे. पाण्यातला प्राणवायू, हरितद्रव्य, गढूळपणा मोजणारी उपकरणं ते घेऊन जातं. या वाहनाचे गुणांक कसे ओळखायचे, यावर ब्राझीलचे एत्तोरे दे बारोस, पोर्तुगालचे अँतोनियो पास्कोआल आणि गोव्याच्या संस्थेचे एल्गार देसा यांनी मिळून काम केलं. ते २००८ मध्ये 'ओशन इंजिनिअरिंग' या नियतकालिकात छापून आलं. विमानशास्त्रातून आलेली अनुभवावर आधारलेली सूत्रं एका बाजूला आणि सीएफडी दुसऱ्या बाजूला, असा तो विचार आहे. आपल्या मुलांनी यातून घ्यायची गोष्ट अशी: दोन वेगळ्या वाटांनी त्याच गुणांकाकडे जायचं आणि उत्तरं जुळतात का बघायचं. एका वाटेच्या उत्तरावर वाहन पाण्यात सोडायचं नाही.

संगणक नेमकं करतो काय

सीएफडीत वाहनाभोवतालचं पाणी आपण लाखो छोट्या खणांत विभागतो. याला जाळी किंवा मेश म्हणतात. प्रत्येक खणात दोन हिशेब चालतात. पाणी जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जायला हवं, हा पहिला. खणातल्या पाण्याचा वेग बदलत असेल तर तो बदल दाबामुळे किंवा चिकटपणामुळेच झालेला असला पाहिजे, हा दुसरा. हीच नेव्हिए आणि स्टोक्स यांची समीकरणं, एकोणिसाव्या शतकातली. एका खणाचं उत्तर शेजारच्या खणावर अवलंबून असतं, म्हणून सगळ्यांचं मिळून पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. जमाखर्च जुळेपर्यंत संगणक थांबत नाही.

अडचण येते खळबळीची. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं की एका मर्यादेनंतर प्रवाह शांत राहत नाही, त्यात भोवरे उठतात. त्यांच्या नावाने जो आकडा ओळखला जातो, तो आपल्या वाहनासाठी सुमारे ३० लाख येतो. म्हणजे वाहनाच्या बहुतेक अंगावर प्रवाह खळबळीचा. त्यातला प्रत्येक बारीक भोवरा मोजायचा म्हटलं तर कॉलेजचा संगणक पुरणार नाही. म्हणून आपण सरासरी प्रवाह काढतो आणि भोवऱ्यांचा परिणाम एका अंदाजी मॉडेलने भरून घेतो. के-एप्सिलॉन, के-ओमेगा ही नावं तुम्ही ऐकली असतील, ती याच मॉडेलांची. लक्षात ठेवा, हे निसर्गाचे नियम नाहीत. ते अभ्यासून बसवलेले अंदाज आहेत.

दुसरी अडचण वाहनाच्या कातडीजवळ. पृष्ठभागाला लागून पाण्याचा वेग शून्य असतो आणि फार थोड्या अंतरात तो पूर्ण वेगाला पोचतो. हा बदल नीट पकडायचा तर आपल्या उदाहरणात पहिल्या खणाची जाडी सुमारे १७ मायक्रॉन हवी, केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी. एवढं परवडत नसेल तर पहिला खण अर्ध्या मिलिमीटरचा घेऊन भिंतीलगतचं वागणं तयार सूत्राने भरतात. दोन्ही रीती चालतात. धोका असतो मधल्या जाळीत, जी धड ही नाही आणि धड ती नाही. संगणक तक्रार करत नाही, चुकीचं उत्तर शांतपणे देतो.

जाळी तयार झाली की टाकीतले तेच तीन प्रयोग संगणकात करायचे. आधी वाहन ०, २, ४, ६, ८ अंश तिरकं धरून प्रवाह सोडायचा. मग सगळा प्रदेश गोल फिरता धरून वाहन वर्तुळात चाललं आहे असं दाखवायचं. शेवटी ते आडवं हलवायचं. प्रत्येक वेळी वाहनावरचं बल आणि फिरवणारं बल टिपायचं. आलेखावर बिंदू मांडले की शून्याजवळची चढण म्हणजे आपला गुणांक. असे सगळे गुणांक १९६७ च्या समीकरणांत घातले, की साधा प्रोग्राम काही सेकंदांत सांगतो: सुकाणू १० अंश फिरवलं तर वाहन किती त्रिज्येत वळेल.

कोणी विचारेल, पूर्ण वळणच थेट संगणकात का चालवू नये? चालवता येतं. पण मग फिरणारा प्रोपेलर, हलणारं सुकाणू आणि सरकणारं वाहन, सगळं एकत्र धरावं लागतं. एका वळणाला मोठ्या संगणकावरही दिवसच्या दिवस जातात, आणि सुकाणूचा कोन बदलला की पुन्हा पहिल्यापासून. गुणांक एकदा काढले की हजार वळणं फुकटात बघता येतात. म्हणून सुरुवात गुणांकांपासून.

चित्र सुंदर आहे, पण खरं आहे का

आता व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सीएफडीची चित्रं फार देखणी असतात. लाल, पिवळा, निळा, वाहनामागे वळत जाणाऱ्या रेषा. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत ती स्क्रीनवर आली की परीक्षकही खूश होतात. पण रंगांवरून उत्तर बरोबर आहे की नाही, हे कोणालाही कळत नाही. चुकीच्या जाळीचं चित्रही तितकंच देखणं येतं.

म्हणून तीन पायऱ्या सोडायच्या नाहीत.

पहिली, जाळी बदलून बघा. खणांची बाजू निम्मी केली की तिन्ही दिशांत मिळून खण आठपट होतात. खर्चिक आहे, पण निदान एकदा करा. एवढी बारीक जमली नाही तर दीडपट बारीक करा. गुणांक लक्षणीय बदलला, तर तो आकडा पाण्याचा नव्हता, तुमच्या जाळीचा होता.

दुसरी, आधी असं वाहन सोडवा ज्याचं उत्तर जगाला माहीत आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'सबऑफ' नावाचा पाणबुडीचा नमुना आकार याच कामासाठी ठरवला गेला. लांबी ४.३५६ मीटर, सर्वांत जास्त व्यास ०.५०८ मीटर. त्याचा आकार देणारी समीकरणं आणि टाकीत मोजलेले आकडे उघडपणे छापलेले आहेत. तुमची पद्धत सबऑफवर टाकीच्या जवळ येते का बघा, मग स्वतःच्या वाहनाकडे वळा. ओपनफोमसारखं सॉफ्टवेअर २००४ पासून मुक्त स्वरूपात मिळतं. दहा लाख खणांची साधी जाळी चांगल्या लॅपटॉपवर एका रात्रीत सुटू शकते. पैशांची सबब इथे चालत नाही.

तिसरी, पाण्याची साक्ष घ्या. आणि ही आपल्याकडे मिळते! काठाला सुरक्षित जागा असलेलं शेततळं, पोहण्याचा तलाव किंवा शांत जलाशय पुरतो. वाहनाला दोरी बांधा, दोरी कप्पीवरून घ्या, टोकाला माहीत असलेलं वजन लावा आणि वेग मोजा. हा झाला रोध. वाहन पाण्यात १० अंश कलतं करून सोडा आणि किती सेकंदांत डोलतं ते मोजा. यातून फिरण्यातलं वाढीव वस्तुमान कळतं. मग सुकाणू एका कोनात ठेवून वळू द्या आणि मोबाइलमध्ये असतो तसा गायरो आत ठेवून वळण्याचा वेग नोंदवा. वाहन सेकंदाला १ मीटर जात असेल आणि सेकंदाला ८ अंश वळत असेल, तर त्रिज्या सुमारे ७ मीटर. हा आकडा संगणकाच्या आकड्याशेजारी लिहा. फरक आला तर तो लपवू नका. प्रोजेक्टच्या अहवालातलं सगळ्यात मोलाचं पान तेच असतं.

काही ठिकाणी सीएफडीवर विशेष सावध राहावं लागतं. तिरपेपणा मोठा झाला, म्हणजे १५-२० अंशांच्या पुढे, की अंगावरून प्रवाह सुटतो, मोठे भोवरे तयार होतात आणि सरासरी काढणारी मॉडेलं गडबडतात. भिंतीजवळ किंवा तळाजवळ गुणांक बदलतात, उघड्या पाण्यातले तिथे चालत नाहीत. धरणाच्या भिंतीलगत काम करणाऱ्या वाहनासाठी ही बारीक बाब नाही, तीच मुख्य गोष्ट आहे. भिंत जाळीत घेऊन गणित पुन्हा करावं लागतं.

हाच प्रश्न मोठ्या पाणबुड्यांना जास्त तीव्रतेने लागू होतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस कलवरी १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात दाखल झाली. अशा कुठल्याही पाणबुडीबद्दल आधी विचारायचा प्रश्न असा असतो: वेगात असताना मागचे आडवे पंख खाली वळलेल्या स्थितीत अडकले, तर सावरेपर्यंत ती किती खोल जाईल? याच्या उत्तरावरून कुठल्या खोलीला किती वेगाने जायची मुभा द्यायची, हे ठरतं. आत माणसं असतात. तिथे गुणांकातली चूक म्हणजे नुसतं वाया गेलेलं मॉडेल नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

लातूरहून नेहमी येणारा प्रश्न: आमच्याकडे मोठा संगणक नाही, मग हे जमेल का? आधी सूत्रांनी काढा. आज आपण ९ न्यूटन-मीटर आणि दीड पोस्टकार्ड हे दोन्ही आकडे कागदावरच काढले. सूत्राने पंखाचा अंदाजी आकार ठरवा, मग फक्त त्या आकाराभोवती सीएफडीचे पाच-सहा प्रयोग करा. संगणक लहान असेल तर प्रश्न नेमका करावा लागतो, आणि ते फायद्याचंच ठरतं.

नांदेडच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न: हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, तिलाच वळायला शिकवलं तर गुणांक कशाला? शिकवता येतं. पण शिकायला तिला हजारो वळणं लागतात, आणि ती खऱ्या पाण्यात घ्यायची तर पहिल्या पन्नासातच वाहन तळाला जाईल. म्हणून तिला आधी संगणकातल्या वाहनावर शिकवतात. ते संगणकातलं वाहन याच गुणांकांचं बनलेलं असतं. गुणांक चुकले, तर ती चुकीचं वळण फार आत्मविश्वासाने शिकते.

तिसरा प्रश्न थोडा वेगळा आहे: केबलने जोडलेलं वाहन वापरलं तर हरवण्याची भीतीच नाही, मग एवढं गणित कशाला? केबल वाहनाला परत आणते, पण ती स्वतः पाण्यात मोठा रोध तयार करते आणि वाहनाला मागे ओढते. लांब केबलचा रोध वाहनाच्या रोधापेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणजे गणित संपत नाही, त्यात केबलची भर पडते. धरणाच्या भिंतीजवळ मात्र आम्ही केबलच निवडू, कारण तिथे परत येण्याची खात्री वेगापेक्षा महत्त्वाची.

तुम्ही प्रोजेक्ट सुरू करणार असाल तर या आठवड्यात एवढंच करा. आपल्या वाहनाची लांबी, जाडी आणि नेमलेला वेग घ्या, आणि मंक मोमेंट व वजनाचं सावरणं हे दोन आकडे कागदावर काढा. कोणत्या वेगाला दोन्ही बरोबरीला येतात, तो वेग वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्या वेगाच्या वर जायचं असेल, तर पंखांचा विचार केल्याशिवाय वाहन पाण्यात सोडू नका.